मनीचे शेवटचे चार महिने

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला मी साताऱ्याहून सांगलीला आईकडे गेलो होतो. तिळगुळाची वाटी पुढे करीत आई म्हणाली, "अरे, मनीला डायबेटिस झालाय का बघ. सारखी पाणी पिते आणि तेवढीच लघवी करते." आई ब्याऐंशी वर्षांची आहे. मनी ही तिची मांजर तेव्हा सतराव्या वर्षात होती. मांजराचे पंधरावे वर्ष म्हणजे माणसाची साधारण शहात्तरी, असा पशुवैद्यांचा ढोबळ हिशेब आहे. त्या मानाने दोघी समवयस्कच म्हणायच्या.

मी मनीला उचलले आणि मनात चर्र झाले. पाठीचे मणके बोटांना एकेक मोजता येत होते. अंगावरच्या केसांची तकाकी गेली होती. तोंडाला एक वास होता आणि तो मला परिचित होता. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या रुग्णाच्या श्वासाला असाच वास येतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नाही. पुढे उपचारांविषयी जे लिहिले आहे, ते मनीवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य बाईंकडून मी विद्यार्थ्यासारखे शिकलो. त्या शिरवळच्या महाविद्यालयात शिकलेल्या. सातारा जिल्ह्यातील हे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून चालू आहे, आणि ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते नाना पाटील सांगली जिल्ह्यातल्या येडे मच्छिंद्र गावचे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांचा हा एक जुना धागा. हा लेख लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी वृद्ध रुग्णांच्या घरी दुसरे माणूस नसते, पण मांजर असते. ते आजारी पडले की ही मंडळी त्याच्याविषयी कोणाशी बोलत नाहीत. "मांजरासाठी कसला एवढा जीव टाकायचा," असे कोणी म्हणेल याची त्यांना लाज वाटते. मग रक्तदाब वाढलेला सापडतो, झोप उडालेली असते, आणि खोदून विचारल्यावर कारण बाहेर येते.

मनी आमच्या घरी २००८ साली आली, वडील हयात असताना. वडील गेल्यावर गावभागातल्या त्या जुन्या घरात या दोघीच उरल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा आईला बोटीतून बाहेर काढावे लागले. पंचेचाळीस फूट ही तिथली धोक्याची पातळी, यावरून त्या पाण्याची कल्पना यावी. बोटीत सामान घेऊ नका असे सांगितले होते. आईने औषधांचा डबा एका हातात आणि दुसऱ्या हातात भाजीची कापडी पिशवी घेतली. पिशवीत काय आहे हे विश्रामबागेला नातेवाइकांच्या घरी पोहोचल्यावरच सर्वांना कळले. त्यामुळे "म्हातारी झाली आता, सोडून दे" हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारणे शक्य नव्हते.

रक्ताची तपासणी झाली. क्रिएटिनिन बरेच वाढलेले होते, रक्तदाबही जास्त होता. म्हाताऱ्या मांजरांना मूत्रपिंडाचा हा जुनाट विकार फार वेळा जडतो, आणि तो दबकत येतो. दोन्ही मूत्रपिंडांचे दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत वरवर काही दिसत नाही. मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येईनाशी होते, म्हणून ती जास्त होते. शरीर कोरडे पडते, म्हणून तहान वाढते. मांजर भरपूर पाणी पिते आहे म्हणून घरचे समाधानात असतात, आणि तेच तर आजाराचे पहिले लक्षण असते. पुढे वजन उतरते, उलट्या होतात, तोंडात व्रण पडतात, खाणे सुटते. रक्तदाब फार चढला तर डोळ्यातला पडदा सुटून मांजराला एका रात्रीत आंधळेपण येऊ शकते. बाईंनी मनीला रक्तदाबासाठी जे औषध दिले ते नाव ऐकून आई हसली. अम्लोडिपिन. तीच गोळी ती स्वतः बारा वर्षे घेत होती. "मग वेगळी कशाला आणायची? माझ्यातलीच देते," असे ती म्हणाली, तेव्हा बाई गंभीर झाल्या. औषध एक असले तरी मात्रा चार किलोच्या जिवाची असते. ती पशुवैद्यानेच ठरवायची.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या एका परिचित गृहस्थांचा रात्री फोन आला. त्यांचे मांजर मलूल होते, अंग गरम लागत होते आणि सकाळपर्यंत पशुवैद्य मिळण्याची शक्यता नव्हती. मी पंगतीला बसलेला होतो. सहज सांगून टाकले, "पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या दुधातून." सकाळी त्या मांजराचा चेहरा आणि पंजे सुजले होते, हिरड्या तपकिरी पडल्या होत्या, श्वास लागला होता. दुपारी ते गेले. त्या गृहस्थांनी मला कधी बोल लावला नाही. आजार वाढला असावा, असेच ते समजले आणि तेव्हा मीही तसेच समजलो. पुढे कधीतरी वाचनात खरे कारण आले. पॅरासिटामॉल पचवून निरुपद्रवी करण्यासाठी यकृतात जी रसायनव्यवस्था लागते, ती मांजराच्या यकृतात फारच तुटपुंजी असते. औषधाचे विषारी अंश रक्तात साठतात, रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, रक्ताचा रंग चॉकलेटसारखा होतो. एक गोळी काय, गोळीचा तुकडाही मांजराला मारू शकतो. यावर उतारा आहे, पण तो काही तासांच्या आत मिळावा लागतो. आणि त्या रात्री त्या मांजराला ताप होता की नव्हता, हेही मला सांगता येणार नाही. मांजराचे निरोगी तापमानच १०१ ते १०२ फॅरेनहाइटच्या आसपास असते. आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार.

म्हणून घरात आजारी मांजर असेल तर माणसांच्या औषधांचा डबा बंद ठेवावा. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांतले काहीही आपल्या मनाने देऊ नये. गुडघ्यांना चोळायच्या मलमाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. आई रोज रात्री गुडघ्यांना मलम लावते आणि मनी नेमकी तिच्या मांडीवर येऊन बसते, अंगाला लागलेले चाटते. अशाच प्रकारच्या एका वेदनाशामक मलमामुळे घरातली मांजरे दगावल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये लोकांना सावध केले होते. गिधाडांचे उदाहरण तर आपल्याच देशातले आहे. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन संपत आली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. आईने मलम लावण्याची वेळ बदलली. लावायचे, वर जुन्या सुती साडीची पट्टी बांधायची, हात साबणाने धुवायचे आणि मगच मनीला जवळ घ्यायचे.

बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला एक गोष्ट नीट समजावली. मनी बरी होणार नव्हती. करायचे होते ते तिचे उरलेले दिवस सुसह्य करण्याचे काम. माणसांच्या वैद्यकात याला उपशामक शुश्रूषा म्हणतात. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये त्यासाठी पहिले आधुनिक शुश्रूषागृह उभारले, आपल्याकडे मुंबईत १९८६ मध्ये शांती अवेदना सुरू झाले. मांजरांसाठीही २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी अशा शुश्रूषेची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली आहेत. सांगलीत आमचे शुश्रूषागृह म्हणजे माजघराचा एक कोपरा होता.

त्या कोपऱ्यात घडी केलेली गोधडी, थोड्या अंतरावर पाण्याची दोन भांडी आणि विरुद्ध बाजूला वाळूचे घमेले. आठवड्याभरात मनी घमेल्याच्या बाहेर लघवी करू लागली. आई रागावली, "आयुष्यभरात कधी असं केलं नाही हिने." बाईंनी घमेले पाहिले आणि सांगितले, तिला काठ ओलांडता येत नाही. म्हाताऱ्या मांजरांच्या सांध्यांना झीज असते, पण ती लंगडत नाहीत. नुसती उडी मारणे सोडतात. एका जुन्या प्लॅस्टिकच्या टबाची एक बाजू चार बोटांवर कापली, कड घासून गुळगुळीत केली, आणि प्रश्न मिटला. फिनेलने पुसणेही बंद केले. त्यातली रसायने मांजराच्या पंजांना लागतात आणि पंजे ते चाटते. साध्या साबणाच्या पाण्याने काम भागते.

खाण्याचा प्रश्न अधिक कठीण होता. आमच्या घरात मांजर म्हणजे दूधभात, हे समीकरण. वास्तविक मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. गोड चव तर त्याच्या जिभेला कळतच नाही, आणि मोठ्या मांजराला दूध बहुधा नीट पचत नाही. मनी दूधभातावर सतरा वर्षे जगली ती शेजारच्या मासळीवर आणि अंगणातल्या उंदरांवर, असे माझे मत आहे. मूत्रपिंडाच्या रुग्ण मांजरांसाठी कमी फॉस्फरसचे तयार अन्न मिळते. ते आम्ही आणले. मनीने वास घेतला आणि शेजारी जमीन उकरून त्यावर माती लोटल्याचा अभिनय केला. बाई म्हणाल्या, आजाराच्या सुरुवातीला पथ्याचा आग्रह धरावा, शेवटाकडे जे खाईल ते द्यावे, कारण उपाशी मांजर आजारी मांजरापेक्षा लवकर जाते. दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर यकृतात चरबी साठून नवाच विकार उभा राहतो. मग कांदा, लसूण, मीठ, मसाला न घालता शिजवलेली कोंबडी, तिचे कोमट पाणी, कधी उकडलेला मासा. कांदा-लसूण कटाक्षाने नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. अन्न कोमट केले की वास सुटतो, आणि मांजर नाकाने जेवते. आई जन्माची शाकाहारी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या शेजारणीकडून कोंबडी शिजवून यायची, आई नाकाला पदर लावून ती बोटांनी बारीक कुस्करायची.

सलाईनचे मला फार अप्रूप वाटले. माणसाला शिरेतून देतो, मांजराला मानेच्या मागच्या सैल कातडीखाली देता येते. पशुवैद्य एकदा दाखवतात आणि मग घरचे माणूस घरीच देऊ शकते. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी करायची, कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची, सुई आत, दहा मिनिटे. कातडीखाली पाण्याचा उंचवटा येतो, तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत शोषला जातो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. किती आणि किती दिवसांनी द्यायचे हे पशुवैद्यच सांगतात, कारण हृदय कमजोर असेल तर हेच पाणी फुप्फुसांत जाऊन जीव घेते. आईने एक दिवसाआड रात्री आठची वेळ ठरवली आणि नातीकडून मोबाइलवर गजर लावून घेतला. थरथरत्या हातांनी तिला सुई जमेल असे मला वाटले नव्हते. तिसऱ्या वेळी तिने मला बाजूला सारले. "तुझे हात गार आहेत," म्हणाली.

फेब्रुवारीत मी आईचा रक्तदाब पाहिला. १७८ वर १००. गेले तीन आठवडे ती स्वतःच्या गोळ्या विसरत होती. जेवणही उभ्या-उभ्या, मनीचे झाल्यावर. रात्री दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे का ते पाहायची. डोळ्यांदेखत आई आजारी पडत होती आणि मी सव्वाशे किलोमीटरवरून फोनवर मांजराची चौकशी करीत होतो. शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा कोण करते, हा प्रश्न आम्ही डॉक्टर मंडळी कॅन्सरच्या रुग्णांच्या बायकांना विचारतो. स्वतःच्या घरी मात्र मला तो सुचला नाही. मग व्यवस्था लावली. सकाळचे खाणे शेजारच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी भरवील, वाळू बदलण्याचे काम कामवाल्या मावशी करतील, त्यांना त्याचे वेगळे पैसे. रात्री उठायचे नाही. आईला ते मान्य नव्हते. तेव्हा तिला मी एक काम दिले. झोपण्यापूर्वी, मनी झोपलेली असताना, घड्याळ लावून एका मिनिटातले श्वास मोजायचे. तीसच्या आत असले की निजायचे. मोजण्याचे काम असले की माणसाला काळजी थोडी आवरता येते.

याच सुमारास मनी आईला चावली. कण्यापाशी हात लागला, वेदना झाली असावी. आईने हळद दाबली आणि मला सांगितलेच नाही, दुसऱ्या दिवशी त्या मुलीने सांगितले. सांगली हे हळदीचे गाव, इथे जखमेवर आधी हळद आणि मग डॉक्टर. पण मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम वरून बारीक दिसते आणि जंतू खोल जातात. मधुमेही, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे किंवा वृद्ध यांच्या हाताला एका दिवसात सूज चढू शकते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर काही चोळू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज मांजराकडूनही होतो. घरचे मांजर आहे म्हणून लस टाळू नये. आईला लशीचे सर्व डोस दिले, तिच्या नाराजीसह.

मार्चपर्यंत आमचे बरे चालले होते. मग खरा प्रश्न सुरू झाला. मनीला दुखते आहे का? मांजर वेदना लपवते. एकट्याने शिकार करणाऱ्या, आणि स्वतःही कोणाची तरी शिकार होऊ शकणाऱ्या प्राण्याला दुबळे दिसणे परवडत नाही. आई म्हणायची, "घुरघुरतेय ना, मग सुखात आहे." परंतु मांजर दुखण्यातही घुरघुरते, मरतानाही घुरघुरते. त्यावर विसंबता येत नाही. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली आहे. तीत पाच गोष्टी पाहतात. कान बाहेरच्या बाजूला वळून सपाट झालेत का, डोळे मिचमिचे आहेत का, तोंडाजवळचा भाग ताठरला आहे का, मिशा सरळ पुढे ताणल्या आहेत का, डोके खांद्यांच्या खाली गेले आहे का. बाईंनी फोनवर चित्रे पाठवली. मी मनीकडे पाहिले, चित्रांकडे पाहिले, आणि पाचही गोष्टी थोड्याफार जुळत होत्या. वेदनेसाठी मांजरांना चालणारे औषध सुरू झाले आणि दोन दिवसांनी ती उंबऱ्यावर उन्हात जाऊन बसली. त्या आधीचे पंधरा दिवस ती "शांत पडून असते" असे आम्ही एकमेकांना सांगत होतो.

माणसाचा असो की मांजराचा, अशा आजारात नातेवाईक डॉक्टरला एकच विचारतात, "अजून किती दिवस?" मीही बाईंना तेच विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. "आजचा दिवस कसा गेला ते रोज लिहा," म्हणाल्या. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये यासाठी सात कसोट्या सुचवल्या आहेत. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि सातवी म्हणजे वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे. आईला गुण देणे पटेना. "शाळा आहे का ही?" तिने तिचीच पद्धत काढली. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. त्यावर दुधाचे खाडे, गॅसची तारीख, माझ्या फोनची खूण, सर्व काही असते. त्याच चौकोनांत ती मनीचा दिवस मांडू लागली. चांगला दिवस असेल तर गोल, वाईट असेल तर फुली. चांगला कशाला म्हणायचे, तेही तिनेच ठरवले. मनी स्वतः उठून उंबऱ्यापर्यंत आली, आपणहून दोन घास खाल्ले आणि अंग चाटले, तर गोल. अंग चाटण्याला ती फार महत्त्व द्यायची. "तिने स्वतःची वेणीफणी सोडली की समजायचं," म्हणायची.

मार्चचे पान बहुतेक गोलांनी भरलेले होते. एप्रिलच्या पंधरवड्यानंतर फुल्या सुरू झाल्या. औषधे वाढवली, सलाईन वाढवले, एकदा दोन गोल आले, पुन्हा फुल्या. अक्षय्य तृतीयेला मी गेलो तेव्हा सलग आठ फुल्या होत्या. मनीला पाण्याच्या भांड्यापर्यंत जाऊन तिथेच मान टाकलेली मी पाहिली. पाणी हवे होते, पिता येत नव्हते.

इंजेक्शनचा विषय मी काढला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं रे." ही समजूत आमच्या भागात लहानपणापासून सर्वांनी ऐकलेली असते. हसण्यावारी नेण्यासारखी मला ती वाटली नाही. कोणत्याही जिवाचा शेवट आपल्या हाताने करणे भयंकरच आहे, आणि तसे वाटावे म्हणूनच कोणी शहाण्या माणसाने ही समजूत रूढ केली असावी. आईची जुनी जैन मैत्रीण त्या दिवशी आली होती. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, त्याच्या गोष्टी ऐकत ती वाढली. तिच्या घरच्या कुत्र्याला त्यांनी इंजेक्शन दिले नव्हते. वेदनेची औषधे दिली, ओठ ओले ठेवले, पाळीपाळीने शेजारी बसले आणि तो चार दिवसांनी आपोआप गेला. तीही बोलली ती मोजकेच. "व्रत घेणाऱ्याला कळतं आपण काय घेतोय. मुक्या जिवाच्या वतीने मी ठरवू शकले नाही. तुमचं तुम्ही ठरवा." पशुवैद्य बाईंनीही सांगितले, की वेदना आवाक्यात असेल तर तो मार्गही चुकीचा नाही. मनीची वेदना मात्र आता आवाक्यात नव्हती, आणि मूत्रपिंडे पूर्ण बंद पडल्यावर झटके येण्याची शक्यता होती.

कायद्याची अडचण नसते. असाध्य यातनांत असलेल्या जनावराचा अंत करण्याची तरतूद १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे, मात्र ते नोंदणीकृत पशुवैद्याचेच काम आहे. घरगुती उपाय, झोपेच्या गोळ्या, दूर नेऊन सोडणे, हे सर्व क्रूरच. मी आईला पुढे काय होईल ते टप्प्याटप्प्याने सांगितले, कारण न सांगितलेल्या गोष्टी नंतर छळतात. आधी गुंगीचे इंजेक्शन, त्याने ती गाढ झोपेल. मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, तिने श्वास आणि हृदय थांबेल. डोळे उघडेच राहतील. थांबल्यानंतरही एखादा आचका येईल, लघवी होईल, ती वेदना नसेल. आईने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "पाप कोणाला लागेल?" मी म्हणालो, "मला लागू दे." यावर ती म्हणाली, "तुझं तू बघ. मांडीवर मी घेणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई घरी आल्या. आईने मांडीवर जुन्या साडीची चौघडी ठेवली होती. सात-आठ मिनिटे लागली. मला आज असे वाटते, की आम्ही पाच-सहा दिवस उशीर केला. आठ फुल्यांची वाट पाहायला नको होती. बाईंना मी तसे म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, बहुतेक सर्व जण नंतर हेच सांगतात, लवकर केल्याचे सांगणारे क्वचित भेटतात.

परसात जास्वंदीपाशी तीन फूट खोल खड्डा खणून मनीला पुरले, आडापासून लांब. खोल पुरणे आवश्यक असते. औषध देहात राहते, कुत्र्याने किंवा कावळ्याने उकरून खाल्ले तर तोही मरतो.

त्या संध्याकाळी आई कालनिर्णयासमोर उभी होती. मला वाटले मनीचे पान पाहते आहे. वळून म्हणाली, "माझ्या फुल्या कोण मांडणार?" मी उत्तर द्यायच्या आत तिने पुढचा प्रश्न विचारला. माणसाला असे इंजेक्शन देता येत नाही हे तिला ठाऊक होते. परंतु शेवटी नळ्या लावायच्या नाहीत, यंत्रावर ठेवायचे नाही, हे लिहून ठेवता येते का? येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढे पुरते. तीस वर्षे मी लोकांना मृत्यूविषयी समजावत आलो, पण आईशी या विषयावर बोललो नव्हतो. आम्ही दोघे माजघरात रात्री साडेदहापर्यंत बोलत बसलो. कागद जूनमध्ये झाला.

पुढचे दोन महिने आईला कठीण गेले. दुधाचे पातेले उतरवताना ती आपोआप बाजूला सरकायची, पायात कोणी येईल म्हणून. लोकांचे "मांजरच ना" तिने ऐकून घेतले. माझा सल्ला असा, की अशा वेळी घरच्यांनी त्या मांजराविषयी बोलू द्यावे, विषय बदलू नये. भूक, झोप, वजन यांच्यावर लक्ष ठेवावे, आणि सहा-आठ आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. चौघांनी नवे पिल्लू आणून देण्याची तयारी दाखवली. आईने प्रत्येकाला एकच विचारले, "मी ब्याऐंशीची. ते पंधरा वर्षं जगेल. मग त्याचं कोण करणार?" शेजारच्या मुलीने "मी करीन" म्हटले. आईने ते अजून मान्य केलेले नाही, नाकारलेलेही नाही.

मोबाइलवरचा रात्री आठचा गजर तिने काढलेला नाही. तो वाजला की ती उठते आणि स्वतःची रक्तदाबाची गोळी घेते. गेल्या महिन्यात मोजला तेव्हा १३६ वर ८२ होता.